पेंडसे सरांच्या मशीनवर होतं

किस्से काय सगळ्याच ऑफिसांत घडतात. पण आमच्याकडे ते साठत जातात, कारण आमच्या कामात चूक सापडली की ती दुरुस्त होते आणि मागे उरतो तो किस्साच. चुकीचा निचरा होतो, किश्शाचा होत नाही. डब्याच्या वेळी कुणी नवीन माणूस बसलेला असला की सुशांत सुरू करतो, मृणाल मध्येच त्याला तोडते, आणि शेवटी सगळं मलाच नीट सांगावं लागतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. आम्ही हॉस्पिटलात लागणारे सिरिंज पंप बनवतो. मोठ्या आजारी माणसाला किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला औषध थेंबाथेंबाने द्यायचं असतं, ते हा पंप देतो. त्याच्या पोटात छोटासा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांना कामं वाटून देणारा एक मुकादम असतो. त्या मुकादमाला म्हणायचं कर्नल. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा मुकादम जरा रेंगाळला तर पडद्यावर चक्र फिरतं, एवढंच. आमच्या मुकादमाला रेंगाळायची मुभा नाही. थेंब त्या क्षणालाच पडायला हवा.

हा मुकादम बाजारातून आणलेला नाही. तो पेंडसे सरांनी लिहिलाय, ओळ न् ओळ. सर डोंबिवलीचे, बारीक अंगाचे, आणि अजूनही माणसांना ‘अहो’ म्हणणारे. त्यांच्या हाताखाली दोघं: टिटवाळ्याचा सुशांत कांबळे आणि डोंबिवलीचीच मृणाल म्हात्रे. मी कल्याणची, माझं काम तयार पंप तपासायचं. म्हणजे यांनी रांधायचं आणि मी नाक मुरडायचं.

आता अडचण अशी, की सरांचा कर्नल फक्त सरांच्याच मशीनवर तयार व्हायचा. लिहिलेला कोड घ्यायचा आणि त्यातून पंपाला कळेल असा पक्का माल काढायचा, याला आम्ही बिल्ड म्हणतो. ते बिल्ड सरांच्या कोपऱ्यातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या मशीनवर व्हायचं आणि जगात दुसरीकडे कुठेही व्हायचं नाही. सर दिवाळीनंतर रिटायर होणार होते. बॉसने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तोपर्यंत दुसऱ्या एका मशीनवर गिऱ्हाइकासमोर बिल्ड करून दाखवा, नाहीतर सरांचा कर्नल काढून परदेशातला तयार कर्नल घ्यायचा.

सर म्हणाले, “ठीक आहे.” उभं आयुष्य ज्यात घातलं ते टाकून देतो म्हटल्यावर माणूस फक्त ठीक आहे म्हणतो!

*

सुशांत नवा होता तेव्हाची गोष्ट. त्याला नवंकोरं मशीन मिळालेलं. त्याने मोठ्या हौसेने बिल्ड सुरू केलं. सगळ्या फाइली सुरळीत गेल्या, एकही एरर नाही, आणि शेवटच्या पायरीवर जे थांबलं ते थांबलंच. पुढे नाही, मागे नाही. बिचाऱ्याने जेवणापर्यंत वाट बघितली. मशीन बंद करून परत चालू केलं. इंटरनेटवर शोधलं. शेवटी हिय्या करून सरांकडे गेला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा बघितला आणि विचारलं, “तुमचा प्रिंटर कुठे आहे?”

सुशांतला वाटलं, सर भलत्याच कशाबद्दल बोलतायत. पण नाही. सरांनी बिल्डच्या शेवटच्या पायरीत घालून ठेवलेलं, की मेमरीत काय कुठे बसलंय त्याचा कागद छापायचा, आणि कागद बाहेर पडल्यावरच पुढे जायचं. तो कागद सर लाल पेन्सिल घेऊन वाचायचे. वाचल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. सुशांतच्या मशीनला प्रिंटरच नव्हता, त्यामुळे ते बिचारं कागदाची वाट बघत बसलेलं.

सुशांतने चाचरत विचारलं, की सर, कागद संपला तर?

“मग कागद आणायचा,” सर म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले. पुढे सरांनीच ती पायरी काढून टाकली, तरी सुशांतच्या मशीनवर निघालेल्या मालाने पंप काही उठेना.

*

मृणालला घाण सहन होत नाही. घरीही तसंच आणि कोडमध्येही तसंच. बिल्ड करताना कॉम्प्युटर एररशिवाय बारीकसारीक तक्रारीही करतो, त्यांना वॉर्निंग म्हणतात. सरांच्या कर्नलमध्ये वॉर्निंगांचा पाऊस पडायचा. मृणालने पदर खोचला आणि एकेक निपटायला घेतली. शेवटी एक उरली. एका ओळीत सरांनी मेमरीतली थोडी जागा राखून ठेवलेली, आणि ती जागा अख्ख्या कर्नलमध्ये कुणी म्हणजे कुणी वापरत नव्हतं. मृणालने ती ओळ उडवली.

सरांच्या मशीनवर पहिल्यांदाच एकाही वॉर्निंगशिवाय बिल्ड झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. माल पंपात घातला, आणि पंप मेला. दिवा नाही, आवाज नाही. ओळ परत घातली, तर पंप जिवंत. काढली, मेला. घातली, जिवंत. कुणीही वापरत नसलेल्या जागेवाचून पंप मरतो म्हणजे काय! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, खोटं नाही सांगत. बॉस तिथून जाता जाता थांबले, दोनदा बघितलं आणि केबिनमध्ये गेले.

सर आले. म्हणाले, “ती जागा मोकळीच राहू द्या. तिच्या शेजारी जो आहे ना, त्याचा हात कधीकधी कुंपणाबाहेर जातो.”

म्हणजे शेजारचा एक भाग आपली हद्द सोडून पुढे लिहायचा, आणि मध्ये ही रिकामी जागा होती म्हणून सगळं निभावत होतं. मृणालच्या तोंडाचा आ झाला. ती म्हणाली, “सर, मग त्या शेजाऱ्याचा बंदोबस्त करायचा ना! जागा कसली सोडता त्याला?”

“करा की,” सर म्हणाले. “तो शेजारी माझ्याच हातचा आहे, म्हणून मला दिसत नाही.”

मृणालने त्याला शोधून काढला आणि सुधारला. आता ती ओळ काढली तरी चालेल. आजतागायत कुणी काढलेली नाही.

*

सगळ्यात मोठा धक्का सुशांतला बसला तो घड्याळामुळे.

आमच्या पंपाला एक रोग जडला होता, मध्येच एखादा थेंब गाळायचा. सुशांतने डोकं लावलं, कोडमध्ये उपाय केला, बिल्ड केलं. मी पंप लावला आणि बघत बसले. एक थेंब चुकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बॉसने सगळ्यांसाठी ठाण्यातली ती झणझणीत मामलेदार मिसळ मागवली, सुशांतच्या पाठीवर थाप मारली. सुशांतने टिटवाळ्याला फोन करून आईला सांगितलं.

मग मृणालला काहीतरी बघताना फाइलच्या तारखा दिसल्या. आधीच तयार असलेल्या फाइलवर यंदाची तारीख, आणि सुशांतने नुकत्याच हात लावलेल्या फाइलवर तो जन्मायच्या आधीची!

झालं असं, की शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. सरांच्या मशीनमधला घड्याळाचा सेल संपलेला, त्यामुळे लाइट आल्यावर ते मशीन कित्येक वर्षं मागे जाऊन उभं राहिलं. बिल्ड करणारा प्रोग्राम तारखा बघतो. आधी तयार झालेल्या मालापेक्षा नवीन असेल तेवढंच करायला घेतो. सुशांतची फाइल त्याला जुनीपुराणी वाटली, म्हणून त्याने ती घेतलीच नाही. आम्ही इतके दिवस ज्या उपायाची मिसळ खात होतो तो उपाय पंपात गेलाच नव्हता.

मग रोग बरा कसा झाला? मी पंप पुसताना मागची सैल वायर नीट दाबून बसवली होती, म्हणून.

सुशांतने टिटवाळ्याला परत फोन लावला. पण खरी मजा पुढेच आहे. आता तारीख दुरुस्त करून सुशांतचा खराखुरा उपाय आत घातला, बिल्ड केलं, आणि धडधाकट चाललेला पंप जो बंद पडला तो उपाय परत बाहेर काढेपर्यंत उठेना.

*

बॉसचं म्हणणं, जुन्या मशीनमुळेच हे सगळं होतं. त्यांनी एक भलंमोठं मशीन आणलं. एका वेळी खंडीभर कामं करणारं. त्यावर बिल्ड लावलं, एरर आली. काहीही न बदलता परत लावलं, दुसरीच एरर आली. परत लावलं, तिसरीच! दर वेळी नवीन. सुशांतचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तोच कोड, तेच मशीन, तोच माणूस, आणि चूक मात्र दर खेपेला वेगळी. हे कसं शक्य आहे, कुणीतरी सांगा.

सर शांतपणे येऊन बसले आणि मशीनला सांगितलं, एका वेळी एकच काम कर. पहिल्या सगळ्या एरर गायब.

बॉसने विचारलं, की एवढं दमदार मशीन आणलं ते एक-एक काम करायला का?

सर म्हणाले, “अहो, पोळ्या लाटायला चार बायका बसवा ना. पण कणीक आधी मळून झाली पाहिजे, ते त्यांना कुणी सांगितलंय का?”

कर्नलमधल्या काही फाइली आधी तयार झाल्या पाहिजेत आणि काही नंतर, हा क्रम सरांच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. जुनं मशीन एक-एक काम करायचं म्हणून क्रम आपोआप पाळला जायचा. सुशांतने तो क्रम नीट लिहून काढला. त्यामुळे बिल्ड निम्म्या वाटेपर्यंत गेलं. तिथे पुढची एरर उभीच होती.

*

एक प्रसंग मात्र मी हसत सांगू शकत नाही.

पुढची एरर अशी होती, की सरांच्या मशीनवरचा, कोडमधून माल काढणारा प्रोग्राम फार जुना, बॉसने आणलेल्या मशीनवर चालेनाच. मृणालने नवा घातला. तो हुशार. बिल्ड एका दमात झालं! आम्ही आनंदाने बॉसला बोलावलं. मी सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, पंपाला लावलं आणि बटण दाबलं.

थेंब-थेंब पडायच्या ऐवजी अख्खी सिरिंज एका दमात रिकामी झाली. बॉसच्या शर्टावर पाणी.

कुणी हसलं नाही. त्या पाण्याच्या जागी औषध असतं आणि पुढे शर्टाच्या जागी काचेच्या पेटीतलं बाळ असतं, हे सगळ्यांच्या एकदमच डोक्यात आलं. मी बोट झटकन मागे घेतलं. मी बटण दाबलं होतं ना.

कारण अगदी क्षुल्लक होतं. दोन थेंबांच्या मध्ये थांबायचं म्हणून सरांनी पूर्वी कर्नलला नुसतेच आकडे मोजायला लावलेले. नव्या हुशार प्रोग्रामला वाटलं, हे आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत, मग मोजायचे कशाला? त्याने मोजणी उडवून टाकली. मोजणी गेली, थांबणं गेलं.

बॉस शर्ट झटकत म्हणाले, की आता पुरे. सरांनी मान वर केली नाही. पंपाची वायर स्वतः काढली, पाणी स्वतः पुसलं. मला म्हणाले, “वैशाली, तुम्ही घाबरू नका. हे मी लिहिलंय.” आणि दुसऱ्या दिवसापासून कर्नलमध्ये जिथे जिथे असं आकडे मोजून थांबणं होतं, तिथे तिथे खरं घड्याळ बसवायला लागले. मृणाल त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. बॉसने फक्त एवढं केलं, की दिवाळीची मुदत तशीच ठेवली.

*

मध्येच सरांना ताप आला म्हणून आम्ही तिघं डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी थालीपीठ केलेलं. मी हात धुवायला मोरीत गेले, तर भिंतीवर आमच्या पंपाचं सर्किट! अगदी तेच, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेलं, दिवा लुकलुकतोय.

काकू म्हणाल्या, “अगं, त्याला हात लावू नकोस हं, बिल्डिंगचं पाणी जाईल.”

टाकी भरली की मोटार बंद, रिकामी झाली की चालू, हे सगळं सरांचा कर्नल बघत होता. सोसायटीतल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. डोंबिवलीत पाण्यासाठी हाल काढणाऱ्या माणसाला मी काय सांगते ते कळेल. मृणालने जाताना खालच्या मजल्यावरच्या आजोबांना मुद्दाम विचारलं, की तुमच्याकडे पाण्याचा त्रास आहे का हो? आजोबा म्हणाले, “पाण्याचा? नाही बुवा. लिफ्टचा आहे.”

*

आणि आता तो दिवस.

सय्यद मॅडम आल्या. ज्या हॉस्पिटलांत आमचे पंप जातात, तिथली सगळी यंत्रं घ्यायची की नाही ते त्या ठरवतात. येताना स्वतःचा कोरा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. बिल्ड यावर करा, म्हणाल्या. बॉसने ऑफिसचं वायफाय जोडून दिलं. पंप नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या वायरीला लावलेला. मृणाल लॅपटॉपसमोर बसली. ती सारखी बोटं रुमालाला पुसत होती.

बिल्ड सुरू झालं, आणि सुरळीत संपलं. एक एरर नाही. माल पंपात गेला, मी सिरिंज लावली, थेंब पडायला लागले. मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. एकही थेंब इकडचा तिकडे नाही. त्यांनी सही केली, लॅपटॉप बॅगेत घातला, सरांना नमस्कार केला आणि निघाल्या.

आमचा विश्वासच बसेना. इतके महिने ज्याने छळलं ते पहिल्या फटक्यात? बॉसने चहा मागवला. सुशांत नाचायचाच बाकी होता. सर मात्र पंपाशीच उभे होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पेनाबरोबर पेन ड्राइव्ह बाहेर आला.

कर्नलचा सगळा कोड त्या पेन ड्राइव्हमध्ये होता. सर तो मृणालला देणार होते. दिलाच नव्हता.

“मृणाल,” सर म्हणाले, “मग तुम्ही बिल्ड केलंत ते कशाचं?”

मृणालचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आठवलं. कुठल्याही मशीनसमोर बसली की ती सगळ्यात आधी सरांच्या मशीनला जोडून घेते, कारण दुसरीकडे काही होतच नाही. हाताला सवय. मॅडमच्या लॅपटॉपवरही तिने तेच केलं. पडदा मॅडमचा होता, पण काम कोपऱ्यातल्या पिवळ्या डब्यात चाललेलं. ती रडायलाच लागली.

बॉस म्हणाले, की जाऊ द्या हो. कर्नल तोच आहे, थेंब बरोबर पडले, सही झाली. बाळाला काय कळतंय कुठल्या मशीनवर बिल्ड केलं ते?

सर पेन ड्राइव्ह मुठीत धरून जिन्याकडे निघाले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते लिफ्टशिवाय हलत नाहीत. मी मागोमाग धावले. म्हटलं, सर, आपला चहासुद्धा झाला, मॅडम आतापर्यंत तीन हात नाक्याच्या पुढे गेल्या असतील, फोन करू या.

पण गाडी गेटाशीच उभी होती. सर काचेशी वाकले. त्यांना दम लागलेला. “मॅडम, तुम्ही आज जे पाहिलंत, ते तुमच्या लॅपटॉपवर झालेलं नाही. माझ्याच मशीनवर झालं. तुमची सही रद्द करा.”

मॅडमनी काही विचारलं नाही. बॅग घेऊन उतरल्या आणि आमच्याबरोबर वर आल्या.

पेन ड्राइव्ह लावला. आता खरं बिल्ड. सुरू होतंय न होतंय तोच लाल एरर. सर, सुशांत आणि मृणाल एकमेकांना खेटून बसले. एक सुटली की दुसरी. मृणाल डोळे पुसत पुसत टाइप करत होती. सर ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं एकेका एररचं मूळ सांगत होते. मॅडम स्टुलावर बसून निमूट बघत होत्या. बॉस केबिनमधून दोनदा डोकावले. लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. उन्हं कलल्यावर बिल्ड पार पडलं. या वेळी पंप सुशांतने मॅडमच्या लॅपटॉपला जोडला. मी हात स्थिर ठेवून बटण दाबलं. थेंब पडला, आणि बरोबर वेळेवर दुसरा पडला.

मॅडमनी आधीची सही खोडून खाली नवी केली. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

मॅडम सामान आवरत होत्या. मृणालला राहवेना. तिने विचारलं, “मॅडम, मगाशी तुम्ही एवढा वेळ खाली का थांबलेल्या?”

मॅडमनी लॅपटॉप उचलला. तो चांगलाच तापलेला असावा, कारण त्यांनी तो ओढणीत धरून बॅगेत सरकवला.

“मगाशी बॅगेत ठेवताना हा गार होता,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, बघू, खाली कोण येतंय.”